छाटायचं राहिलेलं

कुणा साहेबानं लावला होता म्हणे चहा
कणकुंबीच्या वर, एका उतारावर.
लुमाण्णा पुढे, कोयत्यानं करवंदीची जाळी सारत;
मी मागे,
मुन्नारची कंबरभर हिरवी शिस्त
अजून डोळ्यांत घेऊन.

"हे बगा."
मला दिसेना.
मग मान वर केली:
दोन पुरुष उंच, शेवाळलेलं,
पांढऱ्या फुलांत माश्या.
"छाटाय कोण ऱ्हायलं न्हाई,
झालं की झाड."

पान चावलं. तुरट, नुसतं तुरट.

पणजा खुडायचा, कधी प्याला मात्र नाही,
हे त्यानं सांगितलं खाली उतरल्यावर,
स्टँडासमोरच्या टपरीत
बशीवर फुंकर घालता घालता.
पुडा आसामचा. पाटी कन्नड.
"साखर कमी झाली काय ओ?"