सेंद्रिय भाग

पाचशे पन्नास अंशांवर चार तास.
मुशीत दोन ग्रॅम पीट, बुडाला पेन्सिलीने नंबर.
आधीचं वजन, नंतरचं वजन,
मधला फरक म्हणजे जे कधी जगलं होतं ते.
(बाईंनी खोडून वर लिहिलं: सेंद्रिय भाग.)

नमुना लुईस बेटावरचा, आमच्याच चराच्या कडेचा.
सव्वादोन मीटर खोल
पोकळ सळई दाबत, पिळत गेले,
बाबा फावड्याला टेकून बघत होते.
"एवढंसंच? ह्याने चहाचं आधणसुद्धा येणार नाही."

मग काळी ओली कांडी बोटांत चुरून म्हणाले,
हा वरचा, भपकन जाणारा.
हा खालचा. हा रात्रभर धरून ठेवतो.
प्रबंधात हे कुठे बसवू?
संदर्भसूचीत
मॅकॉले, टॉर्किल. तोंडी. गमबूट घालून.
चालेल का, ते अजून विचारलेलं नाही.

निष्कर्ष मात्र टाइप झालाय, पान एकेचाळीस:
खोदणं थांबायला हवं.
दलदल वर्षाला एक मिलिमीटर वाढते,
आणि आमची चूल एका हिवाळ्यात
किती खाते, तो रकाना मी कोष्टकातून काढला.

ॲबरडीन, तिसरा मजला, रात्रीचे साडेनऊ.
तीनशे अंशांच्या आसपास
भट्टीच्या फटीतून धूर निसटला
आणि अख्ख्या प्रयोगशाळेला
आमच्या स्वयंपाकघराचा वास आला,
दोरीवरच्या ओल्या मोज्यांसकट.

पंखा लगेच लावायचा, असा नियम आहे.
लावला.
जरा उशिरा.