हिवतापाची जीप

किलोवर घेतली.
बीडच्या सरकारी आवारात, बाभळीखाली,
चार चाकं मातीत, बॉनेटमधून एरंड वर आलेला.
लिलावाला जालन्याचा व्यापारी होता.
त्याच्या हाती लागती तर एव्हाना भट्टीतून निघून
सळई झाली असती कुणाच्यातरी स्लॅबात.
मी किलोमागं दोन रुपये जास्त बोललो.
एवढंच माझं शौर्य.

अंबाजोगाईत ट्रॉली दारात लागली तेव्हा
सुलभानं आधी ट्रॉलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं,
मग पडवीतलं शिलाई मशीन मुकाट्यानं आत नेलं.

नळ आठव्या दिवशी,
म्हणून सगळं धुणं डिझेलनं.
चिंध्या, तारेचा ब्रश, नखांत काळं.
पाट्याचा एक नट काही केल्या सुटेना.
मी घणाला हात घातला तसे
खुर्शीद मिस्त्री खाटेवरून ओरडले,
"नक्को रे! बुढ्ढी है. तेल पिला और सो जा."
तेल पाजलं. झोपलो.
सकाळी नट बोटांनी फिरला,
रुसलेलं माणूस न बोलावता ताटावर यावं तसा.

मिस्त्रींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
आटे ते अंगठ्यानं वाचतात.
गावाला अजून मोमिनाबाद म्हणतात
आणि गिअर पडला नाही तर इंजिनाला नाही,
मला शिव्या देतात.

सगळा मार्च रंग खरवडण्यात गेला.
वर सरकारी पांढरा, त्याखाली निळा,
त्याखाली पुन्हा पांढरा, ब्रशचा एक केस अडकलेला,
कोण्या पेंटरचा, कोण्या घाईच्या दुपारचा.
मग बॉनेटच्या कडेला अक्षरं निघाली : हिव.
पुढचा ताप पत्र्यासकट गंजून गेलेला.
"गेला कुठं," सुलभा म्हणाली,
"घरात आलाय."

डाव्या सीटखाली खाचांची लाकडी पेटी.
अकरा काचपट्ट्या. दहा कोऱ्या.
अकरावीवर तपकिरी थेंब, वाळून चिकटलेला,
आणि दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी :
डोंगरपिंपळा, घर चौथं, मुलगी, वय सहा.
नाव लिहायची जागा रिकामी.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं
असल्याच काचा पुसल्या.
जुन्या ओळखीवर मायक्रोस्कोप मिळाला.
काही दिसलं नाही. नुसत्या भेगा,
मे महिन्यातलं आपलं काळं रान दिसतं तसं.
ती आता माझ्याहून मोठी असेल.
असेल तर.
त्या दिवशी गोळ्या घेऊन कोणी पोचलं का,
की ही जीपच वाटेत बंद पडली,
हे इंजिन खोलून कळत नाही.
मी खोललं होतं, सगळं.

पिस्टन रिंगा हैदराबादेहून आल्या.
ब्रेकच्या नळ्या खुर्शीदमियांच्या नातवानं वाकवल्या.
हूडचं कॅनव्हास सुलभानं शिवलं,
मशीनच्या तीन सुया मोडल्या,
तिन्ही माझ्या नावावर मांडून ठेवल्या आहेत.
उरलेल्या कापडाची तिनं एक पिशवी केली, पेटीच्या मापाची.
मी सांगितलं नव्हतं.

पेंटरनं विचारलं, "सर, ताप पुन्हा काढायचा का?"
सुलभा म्हणाली, "राहू द्या."

पहिल्यांदा चालू झाली ती संध्याकाळी सहाला.
सायलेन्सर नव्हता अजून;
गल्लीतली कुत्री, पाठोपाठ पोरं,
आणि मिस्त्री बॉनेटवर तळहात ठेवून,
दाखवायला आणलेल्या लेकराचं कपाळ बघावं तसे.
"गरम है," म्हणाले. बाकी काही नाही.

रविवारी बुट्टेनाथच्या उतारानं खाली नेली.
चारी चाकांचा लिव्हर ओढला, दगडगोट्यांतून गेली, थरथरत, पण गेली.
परतायच्या वेळी कळलं, रिव्हर्स पडतच नाही.
वळायला जागा नव्हती.
मग मी, सुलभा, मिस्त्रींचा नातू आणि एक शेळ्या राखणारा
छातीनं रेटत तिला मागं सारू लागलो.
झाडावरून वानरं बघत होती.
मिस्त्री आत स्टेअरिंगवर,
काही दिसत नसताना सांगत होते :
बाएं. थोडा और बाएं.
सीटखाली काचा किणकिणत होत्या.