जागा सांगायची नसते

वाचनालयाच्या फळ्यावर टाचणीने लावलेली चिठ्ठी:
शनिवारी अळंबी. सहाच माणसं. टोपली आपापली.
खाली हेल्डीचं नाव, आणि ठसठशीत अक्षरात
प्लास्टिकची पिशवी आणू नये.

मी बावन्न वर्षांची. तार्तूत दंतवैद्याच्या दाराशी बसते,
लोकांना सांगते, थोडंसंच दुखेल.
मुलगी तालिनला. जुन्या मैत्रिणी
वाढदिवसाला फोनवर उगवतात,
दुसऱ्या दिवशी मावळतात.
या वयात मैत्री शोधायला निघणं म्हणजे
शेजारी विरजण मागायला जाणं,
वाटी पाठीमागे लपवून.

तरी गेले.

हेल्डी नकाशा उलटा धरते आणि बरोबर पोचवते.
वाइके व्हॅनचं दार लागल्यापासून बोलते
ते जंगल संपेपर्यंत.
गालीना नार्वाची, घरी रशियन बोलणारी;
आमच्या भाषेत आठ नाहीत, चौदा विभक्त्या,
ती प्रत्येकीपाशी थबकते,
दलदलीत पाय टाकण्याआधी
काठीने चाचपून बघावं तशी.
उर्मास लिफ्ट दुरुस्त करतो. एवढंच कळलं.
पाचव्याचं नाव मी तीन शनिवार आर्वो घेतलं.
तो ओ देत राहिला.
त्याचं नाव ऐवर.

जंगलात गप्पा होत नाहीत, हाका होतात.
दर थोड्या वेळाने झाडांपलीकडून कुणी ओरडतं, ऊऊ,
बाकीचे ओरडतात, ऊऊ.
म्हणजे, मी इथे आहे. तू?
बावीस वर्षांच्या संसारात
इतक्या नेमाने मला कुणी विचारलं नव्हतं.

एक नियम मात्र चिठ्ठीत नव्हता:
पिवळ्या अळंब्यांची आपली जागा
कुणी कुणाला सांगत नाही.
माणसं मृत्युपत्रात घर लिहितात, बोट लिहितात,
ही जागा लिहीत नाहीत.
म्हणून हेल्डी आम्हाला न्यायची ते जंगल
सगळ्यांचं, म्हणजे आधीच खुडून गेलेलं.
टोपलीत निम्मी किडकी, निम्मा पाला,
आणि तळाशी
वाइकेने वाटलेली राईची भाकरी.

ऑगस्टच्या शेवटी गालीना आली नाही.
पुढच्या शनिवारीही नाही.
गुडघा, म्हणाली फोनवर, आणि विभक्ती चुकली.
आम्ही पाचही जण तिच्याकडे गेलो. पाचवा मजला,
लिफ्ट नाही. उर्मास पायऱ्या चढताना
दर मजल्यावर भिंतीकडे असा बघत होता
जणू कुणी त्याचा अपमान केलाय.
तिच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून
आम्ही मिळाली तेवढी साफ केली,
लोण्यात परतली, वर शेपू.
ऐवरने भांडी घासली. पुसली मात्र नाहीत.

मग एका गुरुवारी उर्मासचा फोन.
उद्या पहाटे पाच. मोठी टोपली आण.

रस्ता संपला, पायवाट संपली,
बर्च विरळ झाले, पायाखाली शेवाळ
ओल्या गादीसारखं दबू लागलं.
मी थट्टेत म्हटलं, डोळे बांधू का?
नको, तो म्हणाला. नीट बघून ठेव.
तो पडका ऐटबाज, मग डावीकडे, मग हा दगड.

वाकले तर शेवाळाखालून पिवळं, आणखी पिवळं,
कुणी हळदीचा डबा सांडून
तसाच सोडून गेल्यासारखं.
मी किती तरी वेळ सुरीच काढली नाही.
माझे डोळे अधू होत चाललेत, तो म्हणाला.
आणि ही खुडली नाहीत तर
गोगलगायी खातात.
एवढंच. मग परतेपर्यंत
तो फक्त गिअर बदलत राहिला.

हे काही प्रेमबिम नव्हे, मी गालीनाला म्हटलं.
नाहीच, ती म्हणाली, एकही विभक्ती न चुकता,
प्रेमात पडलेला माणूस फुलं देतो.

शनिवारी वाइकेने माझ्या हातांचा वास घेतला.
एवढी? कुठे मिळाली?
उर्मास बुटाची नाडी बांधत होता,
बांधलेलीच, पुन्हा.
तिकडे, मी म्हटलं,
आणि अर्ध्या एस्टोनियाकडे हात केला.