इरातीचा टोलनाका

एकदा दहा सेंतावू कमी पडले
म्हणून तिनं मला अडवलं होतं.
मागे लाकडाच्या ट्रकांची रांग, भोंगे,
आणि ती काचेच्या खोक्यात, शांत:
"सीटखाली बघा, नाणं सापडेल."
सापडलं. धुळीचं, चिकट.
दांडा वर गेला.

इव्होनेती कोसोस्की.
हे नाव तेव्हा ठाऊक नव्हतं.
कुरितिबाच्या इस्पितळात, तळघरात,
मी मेणाच्या ठोकळ्यांचे काप काढते,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ,
कोमट पाण्यावर सोडते, काचेवर उचलते.
माझ्याकडे माणसं येत नाहीत, आकडे येतात.

डाव्या स्तनातला तुकडा.
पी-५३ शोधायला सांगितलेलं.
निरोगी पेशीत हा पहारेकरी दिसतो न दिसतो;
येतो, बघतो, जातो.
धागा तुटलेला दिसला की मात्र हात आडवा:
थांब. आधी सांधून घे, मग एकाची दोन हो.
आणि सांधताच येत नसेल
तर दिवा मालवायचं कामही त्याच्याचकडे.

या काचेवर केंद्रकन् केंद्रक तपकिरी.
नवख्याला वाटावं, काय कडेकोट बंदोबस्त!
मी एकोणीस वर्षं हा रंग बघतेय.
अशी दाटी होते ती
त्यातला कुणीच कामाचा उरत नाही तेव्हा.

चौघांनी हात धरून उभं राहायचं असतं,
तरच पकड बसते.
इथे तीनशे सदतिसाव्या जागी
एक अक्षर बदललेलं,
पेशीतला आंबटपणा जरा उतरला
की बोटं सुटतात.
एवढंच. एवढ्यावरून.

डॉक्टर म्हणतात, चूक जुनी आहे,
खेचरांच्या तांड्यांबरोबर पसरली असावी,
दक्षिणेच्या माळावरून लापाच्या वाटेनं.
वाटेवर राजाचे जकातनाके होते,
खेचरामागे नाणं, चोख हिशेब;
हाकणाऱ्याच्या रक्तातलं अक्षर
कोण मोजणार?
तिची आजी लापाची.
माझीही.

किरणं देणार नाहीत तिला.
राखणदारच असा, त्या घरावर आणखी वीज नको.
गोळी आहे: एकवीस दिवस घ्यायची, सात दिवस सुट्टी.
गोळी पहारेकऱ्याला जागं करत नाही,
पुढच्या दुसऱ्या दांड्याशी जाऊन बसते,
जिथे सायक्लिन नावाचा घायकुता
किल्ली फिरवायला उभा असतो,
आणि त्याचं मनगट धरून ठेवते.

"म्हणजे बदली कामगार," इव्होनेती म्हणाली.
"संपात आमच्याकडेही आणायचे.
काम बरं करतात.
पण हप्त्याला सुट्टी कोण देतं हो, इतकी?"
आणि स्वतःच हसली,
डाव्या बाजूला हात दाबून.

बाहेर बाकावर, जूनच्या थंडीत,
आम्ही उकडलेले पिन्यॉन सोलत होतो.
मी तिला ओळखलं ते आवाजावरून.
तिनं मला ओळखलं नाही;
दिवसाला दोन हजार गाड्या, ती म्हणाली,
लक्षात राहतात ते कुत्रे, मागच्या काचेतून बघणारे.

तिची तैनारा, नऊ वर्षांची,
साली रांगेत मांडत होती. साली म्हणजे गाड्या.
तिच्या रक्ताचं पाकीट शुक्रवारी येणार.
माझी नळी अजून रिकामीच आहे.
सुईवाली मैत्रीण रोज विचारते, आज?
मी म्हणते, उद्या. काचा साठल्यात.

उठले, तर तैनारानं बोट आडवं धरलं:
"टोल."
मी खिसे चाचपले. एक रिआलही पुरा होईना.
मुलीनं आईकडे पाहिलं.
"किती कमी आहेत?" आईनं विचारलं,
अगदी त्याच आवाजात.
"दहा सेंतावू."
"मग थांबू दे त्यांना."

वारा सुटला होता, दोन साली उडाल्या.
बोट हललं नाही.