टपालाच्या वाटेनं

या. पायरीवर जरा जपून,
तिसरी फळी मी अकरा वर्षं बदलणार आहे.
कोट तिथं खुंटीला अडकवा.
ही आधी घोड्यांच्या दाण्याची वखार होती,
जुलैत अजून भिंतींना ओटचा वास सुटतो.

तारखेनं शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही.
काउंटीच्या कचेरीतून एक बाई आल्या होत्या.
म्हणाल्या, वेन्डेल, वर्षांप्रमाणे लाव बाबा हे सगळं.
मी हो म्हटलं, कॉफी पाजली,
आणि एक खोकं हलवलं नाही.
चौतीस वर्षं टपाल वाटलं मी क्लेटर्स बेंडमध्ये.
गाव मला पायांना पाठ आहे:
आधी धक्का, मग मिल स्ट्रीट, मग टेकडी.
खोकी त्याच क्रमानं ठेवलीत.
ओहायो नदी डाव्या हाताला आहे असं समजून चाला,
चुकणार नाही.

हे धक्क्यावरचं, ऑर्फा स्टिलवेलचं.
सदतीसच्या पुरात भिजलेली रोजनिशी,
पानं सुटी करायला मला एक हिवाळा लागला.
मोठं काही सापडेल असं वाटलं होतं.
बाईनं रोजची अंडी मोजलीत.
सात. नऊ. सहा.
एका गुरुवारी: अंडी नऊ. एडगर गेला.
शुक्रवारी आठ.
इथं माणसं थबकतात.
थबका तुम्हीही, घाई कसली,
बाहेर गाडीला पैसे पडत नाहीत.

ती पाटी हातात घेऊन बघा, जड आहे.
‘लिबर्टी बेकरी’.
आता उलटी करा.
मागं जर्मन अक्षरांत गॉटफ्रीड उह्लचं नाव,
अठरा साली एका रात्रीत भिंतीकडं तोंड केलेलं.
पाव तोच होता म्हणतात.

लढाईचं काही नाही का, असं विचारणारे येतातच,
बहुतेक पुरुष, बहुतेक टोपी न काढता.
आहे की. मिल स्ट्रीट, खालचा खण.
एक चमचा, एक पितळी बटण,
आणि एका पोरानं आईला लिहिलेली एकोणीस पत्रं.
एकोणीस वेळा मोजे मागितलेत.
पोचले की नाही, कळायला मार्ग नाही.
तुम्हाला नसेल वाटत काही,
मला रात्री झोप लागत नाही त्या मोज्यांपायी.

आता टेकडी.
हे खोकं उचलून बघा.
हलकं लागलं ना?
गावाला शंभर वर्षं झाली तेव्हा जाडजूड पुस्तक छापलं,
सोनेरी कडांचं. त्यातल्या नकाशात
वरची गल्ली चर्चपाशीच संपते,
पुढं चित्रकारानं झाडं काढलीत.
छान काढलीत, पानंन् पानं.

तिथं चौदा पेट्या होत्या.
मी रोज टाकायचो टपाल.
डेल्फीन मॅकॅडू उन्हाच्या दिवसांत
कुंपणावरून ताकाचा पेला पुढं करायची,
आणि लेवीचा कुत्रा मला दोनदा चावला.
हा बघा, पोटरीवर.
झाडं चावत नाहीत.

म्हणून रोज संध्याकाळी एक कार्ड लिहितो.
कुणाच्या दाराला कोणता रंग,
कुणाला पेन्शन यायची, कुणाला शिकागोहून पार्सल,
कोण माझ्याकडून पत्र वाचून घ्यायचं.
एवढंच माहीत आहे मला, दारापर्यंतचं.
आत काय होतं ते आतल्यांनी सांगावं.
डेल्फीनच्या नातवाचा डेट्रॉइटहून फोन आला होता.
त्याच्याकडं त्यांच्या चर्चमधला पुठ्ठ्याचा पंखा आहे,
मागं पेन्सिलीनं नावं लिहिलेली.
पाठवतो म्हणाला.
मार्चमध्ये म्हणाला होता.
टपाल हल्ली फार रेंगाळतं.

तर तुम्ही नक्की काय शोधताय
ते इतक्यात सांगू नका.
आधी एक फेरी मारून या.
मी आहे इथंच, किटलीपाशी.
जाताना त्या वहीत नाव लिहा,
आणि पत्ता पुरता लिहा,
घराच्या नंबरासकट.