थाप

नारीनमध्ये पहाटेचे साडेचार. बाहेर उणे सव्वीस,
आत टेबलावर सत्त्याण्णव.
तापमान मोजणं हा माझा पोटापाण्याचा धंदा,
तरी हा आकडा मी तीनदा वाचला.

रात्री कर्नल बदलला. मी नाही बदलला;
अपडेट आलंय म्हणाला, मी हो म्हटलं,
पाहुण्याने पुढे केलेली बशी जशी आपण नाकारत नाही.
तेव्हापासून पंखा असा ओरडतोय
की मांजर खिडकीच्या गार काचेशी जाऊन बसलंय.
आणि आठ वाजता नदीच्या बर्फाची जाडी
बिश्केकला पोचायला हवी.

आधी केलं ते सगळेच करतात ते.
लॅपटॉप उलटा केला, जाळी फुंकली,
आतून पीठ आणि लोकर यांचा एक पुंजका निघाला.
पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका लावला,
खाली दोन काड्यापेट्या सरकवल्या,
शेवटी कंटाळून दहा मिनिटं ओसरीवर नेऊन ठेवला.
रोग म्हशीला आणि औषध पखालीला.
आत आणला. पुन्हा ब्याण्णव.

उलारबेक, बहिणीचा मुलगा, फोनवर अर्धा झोपेत:
"मावशी, आत कोण काम करतंय ते बघ आधी."
मी तर काहीच काम सांगितलं नव्हतं.
तरी यादीत सगळ्यात वर एक मुकाट कामगार,
शंभरातले शहाण्णव टक्के एकटा खातोय.
"त्याला मारू नकोस, तो मरत नाही.
त्याच्या दारावर कोण थाप मारतंय ते शोध."

शोधलं. थापांचीही मोजदाद असते एका फोल्डरात.
बहुतेक दारांपुढे शून्य, एखाद्यापुढे चार.
सहा-एफपुढे चाळीस लाख.
मी पाहतेय तोवर एक्केचाळीस.

म्हणजे कुणीतरी दार वाजवतंय,
यंत्र हातातलं टाकून उठतंय, कडी काढतंय,
बाहेर कुणी नाही. कडी लावतंय. पुन्हा थाप.
सेकंदाला हजारदा.
घाम फुटेल नाहीतर काय.

भिंतीपलीकडे कालिपाच्या सपाता सरकल्या.
पहिली मिनीबस उतारावर गियर बदलते तेव्हा ती उठते.
तालाय सुरगुतला गेला त्याला सहा हिवाळे झाले.
फाटकापर्यंत जाते, उभी राहते,
परत येताना माझ्याकडे उजेड दिसला तर
हात हलवते, जणू सहज म्हणून उठली होती.

उलारबेकने एक ओळ सांगितली.
त्या दाराकडे लक्ष देऊ नकोस, एवढाच तिचा अर्थ.
एंटर.
पंखा दमला, उतरला, थांबला.
अठ्ठ्याऐंशी. सत्तर. एकावन्न.
इतकं शांत की नदीवर बर्फाला तडा गेला तो ऐकू आला.
मांजर परत आलं, लॅपटॉपवर पंजा ठेवला,
आणि नाराज होऊन निघून गेलं.

आठला आकडा गेला: बासष्ट सेंटिमीटर.
मग चार्जरची वायर काढून गुंडाळली
आणि पाहते तर पडद्यावर अजून: चार्ज होत आहे.
वायर माझ्या हातात.
झाकण मिटलं, उघडलं. त्याला पत्ताच नाही.

म्हणजे त्या लाखो थापांत
एखादी खरीही असायची.
वायर निघाली, झाकण मिटलं,
हे सांगणाराही त्याच दारातून यायचा.

जुना कर्नल अजून आत आहे म्हणतो उलारबेक,
चालू करताना मेनूतून खालचा निवडायचा.
निवडेन, रात्री.
तोवर बॅटरीवर माझी मीच नजर ठेवायची.

दुपारी पाव घेऊन कालिपाकडे गेले.
"काय ओरडत होतं गं तुझ्याकडे?"
काही नाही, म्हटलं, बंद केलं.
तिने मान डोलावली, चहा ओतला,
आणि बाहेर कुठेसा ट्रक थांबला तशी
पेला माझ्या हातात नीट न देताच उठली.