नऊ पावलं

किल्ली वीतभर लांब. थंडीत हाताला चिकटते.
रोज नऊला उघडते मी, साडेचारला लावते.
बिशपच्या कागदांत माझं नाव नाही;
गावात विचारा, चर्चची किल्ली?
गॅरडबाईंकडे, म्हणतील.

आलेला माणूस आधी मनोरा बघतो.
गोल का, विचारतो.
कोपऱ्याला घडीव दगड लागतो, मी सांगते,
आणि आमच्या सफोकात दगड कुठला?
नांगराला अडते ती गारगोटी,
मुठीएवढी, बाहेरून हाडासारखी, फोडली की काळी.
पोरांनी शेतातून वेचली, बायांनी ओच्यातून वाहिली,
गवंड्याने चुन्यात बसवली, वर्षाला पुरुषभर उंच,
मग थांबले हिवाळाभर, भिंत वाळू दे म्हणून.
ज्याने पाया घातला
त्याने घंटा ऐकली नाही.

या आत. पायरी खाली आहे, जपून.
सगळेच अडखळतात. मीसुद्धा, सत्तर वर्षं.

हा लाकडी पडदा. बारा संत,
बाराही जणांचे चेहरे खरवडलेले.
हुकूम लंडनहून आला होता,
छिन्नी गावातलीच असणार.
झगे राहिले, लाल, हिरवे, सोनेरी वेलबुट्टीचे,
आणि पुस्तकं धरलेली बोटं.
वर तुळयांच्या टोकांना देवदूत;
त्या तिसऱ्याच्या छातीत छर्रे आहेत,
कावळे मारायला कुणी आत बंदूक चालवली, म्हणतात.
म्हणतात. मी पाहिलेलं नाही.

पाहिलं ते सांगते.
छपरावर शिसं होतं, आणि शिशावर बूट.
दुरुस्ती संपली की उतरण्याआधी
कारागीर पाय ठेवायचे, भोवती खिळ्याने रेघ ओढायचे,
आत अक्षरं, साल.
माझा आजोबा रूबन, तेव्हा अकरा वर्षांचा,
शिशाच्या कढईखाली जाळ घालणारा पोऱ्या.
त्याचा उजवा बूट होता तिथे,
टाचेचे खिळेसुद्धा मोजून काढलेले. आर. जी., १९०९.
पुढे तो फ्रान्सच्या चिखलातून परत आला
उजवा पाय तिथेच ठेवून.
कुणी हळहळलं की कुबडीने वर दाखवायचा:
आहे की, छपरावर.

नोव्हेंबरात एका रात्री व्हॅन आली.
सतरंजी गुंडाळावी तसं शिसं गुंडाळून नेलं.
पोलिसाने वजन विचारलं. मी टनात सांगितलं.
पायाचं काय लिहायचं, ते त्याला सुचेना,
मलाही नाही.

मग ताडपत्री. मग ताडपत्रीला न जुमानणारा पाऊस.
कमानीवरचा चुना फुगला, पोळीसारखा,
आणि मार्चमध्ये एका दुपारी धप्पकन खाली.
मी झाडू आणायला गेले, परत आले, तर
भिंतीवर पावलं.
अनवाणी. गेरूच्या रेघेची. अंगठे जरा मोठेच.

नॉरिचहून इफेओमा आली, मचाणावर चढली,
कापसाचा बोळा थुंकीने ओला करून
टपाल तिकिटाएवढं रोज पुसत राहिली.
थुंकी? मी विचारलं.
याहून चांगलं काही निघालेलं नाही, म्हणाली.
न्यायाचा दिवस आहे हा, बाई.
मेलेली माणसं थडग्यांतून वर निघालीत.
वर चेहरे असतील? असतील.
किंवा त्याच छिन्नीने नेले असतील.
पैसे संपायच्या आत कळेल.

पैसे आधी संपले.

छप्पर आता पोलादी आहे. चोराला नको, पावसाला दाद नाही.
त्यावर खिळा घासून बघितला मी,
कुणाला सांगू नका.
ओरखडा उठत नाही.

संध्याकाळी दिवे मालवण्याआधी मोजते.
नऊ पावलं.
म्हणजे चार माणसं, आणि एक जण एका पायावर.
नववं डावं आहे.
त्याच्या शेजारी चुना अजून घट्ट;
तिथे बोट लावायचं नाही, असं इफेओमाने बजावलंय,
आणि मी लावत नाही.

चला, साडेचार झाले.
पायरी आहे, जपून.
जाताना वर.